हिरवी पाकिटं आणि लोखंडी बगळी

चि. कुआन-थिंगला आत्याचे भरभरून आशीर्वाद.

आपल्याच घरातल्या यंत्राने ज्यांचा अपमान केला, आणि मदत मागायला गेल्यावर ज्यांना ‘बंद करून परत चालू करून बघा’ एवढंच ऐकवण्यात आलं, अशा समस्त बंधुभगिनींनो! (साखर कारखान्याच्या फाटकावर जन्मभर भाषणं केल्यामुळे कोरा कागद समोर आला की मला आधी गर्दीच दिसते. इथे गर्दी नाही. तू एकटाच आहेस, आणि तोही दूर शिन्चू शहरात.) तुझी तब्येत कशी आहे? चिपच्या कारखान्यातल्या रात्रपाळ्या कमी झाल्या का? नीट जेवतोस, की अजून दुकानातल्या थंडगार भाताच्या त्रिकोणांवरच भागवतोस? माझं बरं चाललंय. गुडघ्याला पाऊस आधी कळतो, दातांनी पेरूशी संबंध तोडले आहेत, बाकी तक्रार नाही.

तक्रार आहे ती तू जाताना ठेवून गेलेल्या संगणकाची. ‘आत्या, यावर वर्तमानपत्रं वाच’ असं तू म्हणाला होतास. वाचली. पण माझ्या स्वभावाच्या बाईने वर्तमानपत्र वाचून शांत बसणं शक्य नाही, म्हणून मी तुझ्या त्या लढाईच्या गेममध्ये शिरले. तिथे मी ‘लोखंडी बगळी’ आहे आणि एका टोळीची म्होरकी आहे. टोळीत ‘उपाशी उंट’ आहे, ‘साखर नको बर्फ कमी’ नावाची एक मुलगी आहे (थंड चहाच्या टपरीवर सांगतात तसंच हे नाव) आणि ‘मुख्याध्यापक’ आहे, जो आवाजावरून अजून शाळा सुटायची वाट पाहत असावा. त्यांची खरी नावं, गावं मला ठाऊक नाहीत. त्यांना माझी नाहीत. सगळे मला आत्या म्हणतात. संध्याकाळी जेवण उरकून कानांवर ते यंत्र चढवलं की कुणीतरी विचारतं, “आत्या, आलीस का?” या घरात हा प्रश्न दुसरं कुणी विचारत नाही, म्हणून सांगितलं.

तर एके दिवशी पुलावरच्या राक्षसावर हल्ला करायचा होता. मी हल्ल्याआधीचं भाषण संपवलं (छोटंच होतं, न्याय, एकजूट आणि डावी बाजू कुणी सांभाळायची एवढेच मुद्दे), पहिला भाला फेकला, आणि पडदा काळा. आतले पंखे एकदा किंचाळले आणि गप्प झाले. मी घाबरले नाही. तू दाखवलं होतंस तशी कडेची पत्र्याची झडप उघडली. आत धूळ नव्हती, गोधडी होती. ती काढली. मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत दाबल्या. आता बटण दाबणार, तेवढ्यात शेजारचे लियाव आले.

लियाव जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे इंजिन असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा हक्क आहे. त्यांनी संगणकाकडे पाहिलं आणि हळहळले, “अहो, याच्यावर पाकीट कुठाय?” तुला ठाऊकच आहे, तुमच्या कारखान्यातही बिघाड होऊ नये म्हणून यंत्रायंत्रावर ठेवलेलं असतं ते मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट, ज्याच्या नावातच यंत्राला ‘गुणी बाळासारखं वाग’ अशी तंबी आहे. हिरवंच हवं (पिवळ्याने यंत्र रुसतं), खाऊची मुदत संपलेली नको, आणि कुणी फोडून खायचं तर नाहीच. मी त्यांना अंधश्रद्धा आणि कष्टकऱ्यांची मुक्ती या विषयावर सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खिशातून पाकीट काढून संगणकाच्या डोक्यावर ठेवलं. “ताई, तुमचं झालं ना बोलून? आता याला बसू द्या.”

संगणक थोडा वेळ चालला आणि बंद पडला. लियाव म्हणाले, यंत्र मोठं आहे, एकाने काय होणार. दुसरं ठेवलं. संगणक आणखी लवकर बंद पडला. तिसरं ठेवलं, चौथं ठेवलं. आता तो मला गेममधल्या गावाच्या वेशीपर्यंतही पोचू देईना. शेवटी पाकिटं आदराने उतरवून आम्ही त्याला लियावांच्या स्कूटरवरून थू यांच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथे तो आख्खी दुपार चालला, जड गेम टाकले तरी तापेना. थू म्हणाले, “आजी, यंत्र ठणठणीत आहे. दोष तुमच्या घरात आहे.”

पोलिसांच्या लाठीपुढे मी कधी माघार घेतली नव्हती. तिथे घेतली. घरात तर माझ्याशिवाय कुणी नाही.

घरी आणून पाकिटं परत चढवली, संगणक परत मेला. विजेचं बटण बदललं, ओलसर भिंतीपासून टेबल हलवलं, काही उपयोग नाही. आणि इकडे दिवस जातायत. मागे आमच्या टोळीत ‘पांढरा बोका’ होता, एक दिवस यायचा थांबला. आम्ही पुष्कळ वाट पाहिली, मग त्याच्या नावाने पुलावर दिवे लावले. तो गेला, की त्याला नोकरी लागली, आजवर कळलेलं नाही. माझ्या आवाजावरून माझं वय त्यांना समजतं, कुआन-थिंग. मला नोकरी लागली असं ते समजणार नाहीत.

तेव्हा एक नवा पॉवर सप्लाय पाठवून दे. मला स्वतःसाठी दुसरं काही नको.

तुझी,
आत्या

ता. क. पॉवर सप्लाय पाठवू नकोस. काल रागाच्या भरात मी चारही पाकिटं फोडून खाल्ली (अंधश्रद्धा आहे, पण खुसखुशीत आहे). नंतर सहज बटण दाबलं तर संगणक चालू झाला आणि चालतच राहिला. त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर जाळीतून गरम हवा येत होती. पहिल्या दिवशी तो धुळीने गुदमरला होता; ती काढल्यावर त्याच जाळीवर आम्ही इतके दिवस ही पाकिटं बसवली होती. लियावांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, तुम्ही प्रसाद घेतलात म्हणून पावलं.

ता. क. २. मी लगेच पुलावर गेले. तिथे दिवे लावलेले होते. माझी शोकसभा चालू होती. मुख्याध्यापक बोलत होता आणि त्याला मुद्दे सुचत नव्हते. उंट म्हणाला, हल्ल्याआधी ती इतकं बोलायची की राक्षसाला डुलकी लागायची. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मागे उभी राहून ऐकत राहिले. आपल्याबद्दल कुणी बोलतंय हे ऐकायची सवय सुटली होती. मग ‘साखर नको’ने विचारलं, “तिच्या घरी कुणाला कळवायचं?” उंट म्हणाला, “घरी कुणी असेल का?”

तेव्हा मी बोलले. म्हटलं, मी जिवंत आहे, आणि मला भाचा आहे. बराच गोंधळ झाला, रडणं झालं, शिव्या झाल्या. सगळं निवल्यावर त्या मुलीने विचारलं, “मग त्याला आम्ही माहीत आहोत का?”

म्हणून हा दुसरा ता. क.

मला काही झालं तर तुला लियाव कळवतील. माझ्या टोळीला कोण कळवेल? येत्या रविवारी जेवण झाल्यावर गेममध्ये ये, त्याच पुलावर उभा राहा, आणि त्यांना तुझं नाव सांग.