सरहद्दीपलीकडची भावकी

हॅमिल्टन,
१२ ऑक्टोबर २०२४

ति. मैत्रेयीताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मी फोनवर भाषण ठोकतो, म्हणून पत्रच लिही असं तू बजावलंस. घे, लिहिलं. भाषण यातही येणारच!

तुझी लेक गुंजन खुशाल आहे. तिला आमच्या स्टील प्लांटमध्ये आणलं तेव्हा तू महिनाभर अबोला धरला होतास. आता ये आणि तिला क्रेन चालवताना बघ. पोलादी पत्र्याचं वीस टनांचं कॉइल झोपलेलं मूल ठेवावं तसं खाली ठेवते.

कंपनी म्हणते, दोन वर्षं पगारकपात घ्या, कुणालाही काढणार नाही. युनियनचा सेक्रेटरी म्हणून मी सगळ्यांना विरोधात मत द्यायला सांगतोय. अमेरिकेत अध्यक्षपदाचा प्रचार पेटलाय, बाहेरून येणाऱ्या मालावर टॅरिफ, म्हणजे जादा कर, लावायची भाषा चाललीय, त्याचाच बागुलबुवा कंपनी दाखवते. पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना युनियन आमची एकच. तिकडे अमेरिकेतल्या ओहायोच्या शाखेचा अध्यक्ष माझा जुना दोस्त. कुणीही निवडून येवो, कॅनडातल्या भावांवर टॅरिफ लागू देणार नाही, असा शब्द त्याने दिलाय. मीटिंगमध्ये गुंजनने विचारलं, मामा, त्यांना शब्द आणि नोकरी यांतलं एकच ठेवता आलं तर? सगळे हसले. मीही हसलो. तरी ती माझ्याच बाजूने मत देणार आहे, आणि क्रेनवरच्या सगळ्यांना पटवतेय.

भावोजींना जयभीम. माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा,
हर्षवर्धन

---

रेजिना,
१८ मार्च २०२५

चि. हर्षवर्धन यास,
सप्रेम जयभीम.

काल गुंजनचा फोन आला. टॅरिफ लागलं, ऑर्डरी गेल्या, आणि लेऑफची यादी तूच वाचलीस म्हणे. तिचं नाव वाचतानाही तुझा आवाज बदलला नाही, असं तिने सांगितलं. त्यात तिला तुझा अभिमानच वाटत होता. मला नाही वाटला.

मी सरकारी ऑफिसात बावीस वर्षं फायली सरकवल्या, मला युनियन फारशी कळत नाही. पण मतदानात कपात फेटाळण्याऐवजी मान्य केली असती तर पोरीची नोकरी राहिली असती, एवढं मला कळतं. मागच्याच वर्षी तिने कॉन्डो फ्लॅट घेतलाय. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एक शब्द टाक. तिला ठेव.

तुझी,
मैत्रेयीताई

---

हॅमिल्टन,
२० एप्रिल २०२५

ति. ताईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र महिनाभर खिशात घेऊन फिरलो.

शब्द टाकता येत नाही गं. शेवटी आलेला आधी जातो, हा सिनियॉरिटीचा नियम आम्हीच भांडून मिळवला. साहेबांच्या मर्जीतले राहतात आणि आपल्यासारखे जातात, ते थांबावं म्हणून. माझी जागा तिला द्या, असं मी विचारून पाहिलं. मी मेंटेनन्सचा, ती क्रेनवरची. तसं चालत नाही म्हणाले.

ओहायोला फोन केला. दोस्ताने माफी मागितली, मनापासून मागितली. मग म्हणाला, त्यांच्याकडे सहा वर्षांनी दुसरी शिफ्ट सुरू झाली, घरी बसलेली माणसं परत आली. त्याचा मुलगाही. आनंद त्याला लपवता येईना. मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार होतो?

जयंतीला इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशनमध्ये 'बाबासाहेब आणि कामगार' यावर मी बोलायचं ठरलं होतं. हॉलच्या पार्किंगपर्यंत गेलो आणि गाडी वळवली.

रागावलीस तरी तुझाच,
हर्षवर्धन

---

रेजिना,
२ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षवर्धन,
जयभीम.

गुंजन हॅमिल्टन सोडून इकडे घरी आली. कॉन्डो तोट्यात विकला, आता आमच्या बेसमेंटमध्ये राहते. चाळीस ठिकाणी अप्लाय केल्यावर एका वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायचं काम मिळालं. मामाचे फोन का घेत नाहीस, असं मी तिला विचारलं. मामावर राग नाही म्हणाली. राग असता तर मी तुमच्यात समेट घडवला असता.

परवा तिथल्या दोन बायका घरी आल्या होत्या. वेअरहाऊसमध्ये युनियन आणायची म्हणतात. हिचा हॅमिल्टनचा अनुभव ऐकून आल्या होत्या, मोठ्या आशेने. मी चहा केला. गुंजनने त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं, त्यांचं बरोबर आहे असंही म्हणाली. मग युनियन हवी म्हणून सही करायचं कार्ड कोरंच त्यांच्या हातात परत दिलं.

त्या गेल्यावर तिने कप विसळले आणि खाली गेली. मला वाटलं, हे तुला कळायला हवं.

तब्येतीला जप.

मैत्रेयीताई