शेजाऱ्यांनी बांधायचं तोरण

ओल्डनबर्ग, ४ मार्च

ती. एकार्टदादास,
आनेग्रेटचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा दुखतोय हे वाचून काळजी वाटली. आमच्या घरासमोरच्या मैदानात निर्वासितांसाठी लाकडी घरं येणार आहेत, आणि ती तुझ्याच कारखान्यात बनताहेत म्हणे! खिडक्या-दारांसकट अख्ख्या खोल्या ट्रकवरून येतात, हे खरं का? पावसात लाकूड फुगत नाही? भिंतीपलीकडचं खोकणं ऐकू येतं का?

एक सांगायचंय, रागावू नकोस. विरोधाच्या अर्जावर गल्लीने सह्या केल्या, तेव्हा मीही केली. वेर्नर गेल्यापासून एकटी असते रे, भीती वाटली.

माया पातळ करू नकोस.
तुझी आनेग्रेट


११ मार्च

चि. आनेग्रेट हिस अनेक आशीर्वाद.

रागावलो. तीन दिवस पत्राला हात लावला नाही.

लाकूड फुगत नाही. भिंतीत लाकडाचाच भुसा ठासलाय, त्यामुळे खोकणं ऐकायला दाराला कान लावावा लागेल. तुला ती सवय आहेच. गरज संपली की स्क्रू काढून हीच घरं दुसरीकडे उभी करता येतात.

सल एकच आहे. मे महिन्यात मी निवृत्त होतोय, ही माझी शेवटची घरं. एकेचाळीस वर्षांत माझ्या हातचं एकही घर, छप्पर उभं राहिलं की त्यावर डहाळ्यांचं तोरण चढल्याशिवाय राहिलं नाही. इथे छप्परही कारखान्यातूनच बसून येतं, म्हणून साहेब म्हणतात, तोरणाला सवड कुणाला? शिवाय सुतार तोरण नुसतं वर चढवतो, ते बांधायचं शेजाऱ्यांनी असतं. तिथे शेजारी कोण, हे तुला ठाऊक आहे.

खुशाली कळवत जा.
एकार्ट


९ मे

ती. दादास सा. न.

तीन दिवसांत घरं उभी राहिली! बघता बघता माझा चहा रोज गार. लाकडाचा वास पार स्वयंपाकघरात येतो. तोरण मात्र चढलं नाही.

सही मागे घ्यायला कचेरीत गेले, तर अर्ज केव्हाच फेटाळलाय म्हणे. नाव कागदावर तसंच राहणार. फार लाज वाटली. घरी येऊन वेर्नरने लावलेल्या फरच्या झाडाच्या डहाळ्या तोडल्या आणि अंगणात तोरण बांधायला बसले. शेजारच्या बेरेन्सबाईंनी टोमणा मारलाच, की काल सही आणि आज तोरण, हे काय सोंग?

तेवढ्यात समोरच्या नव्या लाकडी घरात राहायला आलेली लेतेब्रहान आली. एरिट्रियाची आहे, एकटीच. न विचारता दुसरं टोक धरून बसली. तिच्या गाठी माझ्यापेक्षा पक्क्या. हे कशाला, असं तिने तोडक्यामोडक्या भाषेत विचारलं. मी म्हटलं, नवं घर झालं की चढवतात.

छपरावर चढवायला सुतारच हवा, म्हणून तू येईपर्यंत ते माझ्या दारावर टांगलंय. संध्याकाळी बेल वाजली. लेतेब्रहान दारात, हातात ताज्या भाजलेल्या कॉफीचं भांडं. आजवर मी पडद्याआडच असायचे ना. दारावर तोरण बघून तिला वाटलं, गल्लीत नवीन राहायला मीच आलेय. माझं स्वागत करायला आली होती, दादा.

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. आत घेतलं.

गुडघा सांभाळून ये. वाट बघते.
तुझी आनेग्रेट