घंटा हवेत वाजव

॥ श्री ॥

गोखिवरे, वसई (पूर्व)
८ डिसेंबर १९९६

ती. सुगंधावन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची कुळथाची पिठी आणि सांडगे पोचले. पिठी बरणीत भरली, पिशवी धुऊन वाळत घातली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर परत पाठवते. हसू नका, पिशवी चांगली जाड आहे. स्वप्नाची बारावी असल्यामुळे सध्या घरात मोठ्यानं बोलायची बंदी आहे. ती बंदी मीच घातली आणि मीच मोडते.

पत्रास कारण असं, की तुमचे बंधू यंदा वर्षअखेरीला डोंगरावर जाऊन बसणार आहेत. थट्टा नाही. एकतीस तारखेला कामावरून आले की वर जायचं, रात्र तिथंच काढायची आणि एक तारखेला उन्हं उतरली की खाली यायचं. मधे एक अक्षर बोलायचं नाही. आमच्या मागच्या डोंगरावर वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे, त्याच्या शेजारी कोशिंबाचं जुनं झाड, त्याखाली बसणार. लोक दारू पिऊन वर्ष बदलतात, त्यापेक्षा हे बरं आणि खर्चही नाही. तरी मी म्हटलं, आपलं नवं वर्ष पाडव्याला, तोवर थांबा. तर म्हणाले, तांब्या नको, बाटली नेतो. हल्ली सगळंच असं चेष्टेत उडवतात.

पण वन्सं, खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. सहा महिने बघते आहे, यांचं मन देवाकडे लागलंय. बोलणं अगदी कमी झालं. पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. मी नि स्वप्ना त्यांच्या पाठीमागे कडाकडा भांडलो तरी चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. दिवसभर वालीवला पत्रा दाबायच्या प्रेसच्या धडधडाटात काम, जोडीदार दीपेशनं समोरून आरोळी दिली की पत्र्यावरचा हात काढायचा, की वरून दाब आलाच. असल्या कामातला माणूस घरी येऊन गॅलरीत डोळे मिटून बसतो, ही साधी गोष्ट नाही. मी इतकी वर्षं पोथी वाचते, मला नाही साधलं.

काळजी एकच आहे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगडाची खाण आहे. दुपारी सुरुंग लावतात, तेव्हा माझी मांडणीवरची भांडी हलतात. लावण्याआधी लाल निशाणवाला माणूस डोंगराकडे तोंड करून ओरडतो, आहे का कुणी म्हणून. वर गवत-लाकडं तोडायला गेलेली माणसं ‘हो’ म्हणून उलट ओरडतात आणि खाली सरकतात, मग पेटवतात. कुणीच ओरडलं नाही तर डोंगर मोकळा आहे असं धरतात. म्हणून मी यांना बजावलं, की त्या हाकेला मौन मोडायचं, देव रागावणार नाही. त्यांनी मान हलवली. हल्ली सगळ्याला मानच हलवतात.

तुमचा लोभ सायीसारखा आहे, तो पातळ होऊ देऊ नये.

आपली नम्र,
जयवंती


॥ श्री ॥

देवरुख
१४ डिसेंबर १९९६

चि. सौ. जयवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पिशवी परत पाठवू नकोस, ती मीच कुणाचीतरी ठेवून घेतलेली आहे.

विलूला वैराग्य आलं हे वाचून मी एकटीच ओटीवर हसत बसले. पुरणाचं पहिलं पान आपल्याला आलं नाही तर घर डोक्यावर घेणारा तो! म्हटलं, वालीवच्या हवेत साधू निपजायला लागले की काय. मग चहा झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

गणपतीत तुम्ही आलात तेव्हाची एक गोष्ट मनात राहिली होती. आरतीला त्याची टाळी सगळ्यांच्या मागून पडत होती. आणि तो देवाकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं माझ्या कुंकवाला काही झालं, म्हणून मी पदरानं कपाळ पुसलं.

तू आमच्या अण्णांना पाहिलं नाहीस, तुझ्या लग्नाआधीच गेले. पंचेचाळिशीनंतर तेही असेच शांत झाले होते. हाकेला ओ नाही, भांडणात भाग नाही, विचारलं की मान हलवायची. वाडीतले लोक म्हणायचे, अण्णा विदेही झाले. बायका वाकून नमस्कार करायच्या. मग एका सकाळी रस्त्यानं येताना मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं हॉर्न धरून ठेवला होता, तो अख्ख्या वाडीनं ऐकला. अण्णांनी ऐकला नाही.

जयवंती, मी तुला घाबरवायला लिहीत नाही. पण विलूला कधी मागून, त्याचं लक्ष नसताना हाक मारून बघितलीस का? आधी ते बघ. त्याला ऐकू येत नसेल तर तुमच्या त्या निशाणवाल्याची आरोळी काय कामाची? खात्री होईस्तोवर त्याला वर जाऊ देऊ नकोस.

मुलीला दूध दे, आणि ओरडणं कमी कर.

तुझ्यावरची माया आहे तिथंच आहे, हललेली नाही.

सुगंधा


॥ श्री ॥

गोखिवरे
२१ डिसेंबर १९९६

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू. नवरा माझा, रोज ताट मी वाढते, आणि त्याला ऐकू येत नाही हे देवरुखात बसून तुम्हाला कळावं?

पण तुमचा शब्द मोडला नाही. परवा हे जमिनीवर पाट घेऊन जेवत होते, पाठ माझ्याकडे. मी मागे उभी राहून पितळी तपेलं हातातून सोडलं. फरशीवर असं आदळलं की खालची मंडळी वर बघायला आली. हे लगेच वळले! काय पडलं म्हणून विचारलं आणि वर, जपून, असंही म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं, की तपेल्याला पोचा आला त्याचंही काही वाटलं नाही. तेव्हा वन्सं, अण्णांचं दुःख मोठं आहे, पण यांचं ते वेगळं आहे. यांचं खरंच मन लागलंय. मी परवानगी दिली.

घोंगडी काढून ऊन दाखवलं. दशम्या आणि गुळाचा खडा देणार आहे. मौनात चावताना आवाज करायचा नाही असं मी गमतीनं म्हटलं, त्यावर त्यांनी मान हलवली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. खालच्या मजल्यावरच्या ऑगस्टीनच्या घरची मंडळी दर वर्षी एकतीस तारखेला जुन्या वर्षाचा ‘म्हातारा’ जाळतात. पेंढा भरून माणूस करायचा, खुर्चीत बसवायचा आणि बारा वाजता पेटवायचा. त्यांची सॅन्टन जुने कपडे मागायला आली. मी यांचा वालीवचा खाकी शर्ट दिला, कॉलर दोनदा उलटून शिवली होती, आता फडक्यालाही टिकला नसता. तो म्हातारा कालपासून फाटकाशी बसला आहे. खांदे अगदी यांच्यासारखे वाकलेले झालेत. बाजार घेऊन येताना मी फसले आणि हाक मारली, पिशवी धरा म्हणून. उत्तर कुठून येणार? सॅन्टन हसत सुटली, मीही हसले. पण जिना चढताना दोनदा मागे वळून बघितलं.

शर्ट परत मागणं बरं दिसत नाही.

रागावू नका, आणि रागावलात तरी लिहायचं सोडू नका.

आपली,
जयवंती


॥ श्री ॥

देवरुख
२६ डिसेंबर १९९६

चि. सौ. जयवंतीस,
अनेक आशीर्वाद.

तपेलं कशाला टाकलंस गं? अण्णासुद्धा वळायचे. घरात उखळ हललं तरी वळायचे, आम्हाला तेवढ्यानंच वाटत राहिलं की सगळं ठीक आहे. ते कानानं नव्हे, बुडाखालच्या जमिनीनं कळायचं. तो पाटावर बसला होता, तू फरशी हादरवलीस, तो वळला. यात कान कुठं आला?

देव्हाऱ्यातली घंटा घे. त्याच्या मागे उभी राहा आणि घंटा हवेत वाजव. कशाला टेकवू नकोस, सावली पुढे पडू देऊ नकोस. घंटेला वळला तर खुशाल जाऊ दे, मी चूक, माझे कान पकड.

तुमच्या ऑगस्टीनचा फोन लावायला दोनदा देवरुखच्या बूथवर गेले, लागत नाही. पत्र वेळेत पोचो. जुन्या शर्टाबद्दल काही लिहीत नाही, मीही माणूसच आहे.

घाईत आहे, लोभाचं पुढच्या पत्रात.

सुगंधा


॥ श्री ॥

गोखिवरे
३ जानेवारी १९९७

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एक तारखेला सकाळी मिळालं. हे आदल्या संध्याकाळीच वर गेले होते. जाताना फाटकातल्या म्हाताऱ्यापाशी थांबले, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि गेले. सकाळी मी फुलं आणायला उतरले तेव्हा तिथं राखेचा ढीग होता आणि त्यात ते बटण. मी उचललं नाही.

पोस्टमन अजून जिन्यातच होता, तोवर मी देव्हाऱ्यातली घंटा घेतली आणि निघाले. स्वप्नाला काय सांगितलं आठवत नाही. डोंगराची वाट मला माहीत नाही, वाटेत बळीराम भेटला, आमच्याकडे गवताचा भारा विकायला येतो तो. खाली उतरत होता. म्हणाला, बाय, वर जाव नको, काल खान बंद होती म्हनून आज लवकर लावतात, दोनदा आरोळी झाली, वर कोनी नाय. मी म्हटलं, आहे. त्यानं कोशिंबाकडची वाट हातानं दाखवली.

तिसरी आरोळी मी वर पोचता पोचता कानानं ऐकली. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर धापेमुळे आवाज फुटेना. वन्सं, मी घंटा वर धरली आणि वाजवायला लागले. अशी, की आरतीला कधी वाजवली नसेल. पलीकडे आरोळी थांबली. खाणीतून कुणीतरी उलट ओरडून विचारलं, कोण वाजवतंय. समोरच्या धारेवर मोळ्या बांधणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. कोशिंबावरचे बगळे उठले. आणि त्याच कोशिंबाखाली, माझ्यापासून चार पावलांवर, हे पाठ करून बसले होते. अख्ख्या डोंगरानं घंटा ऐकली. हे वळले नाहीत.

मी अगदी डोक्यामागे नेऊन वाजवली. तुमचं सगळं पाळलं, सावलीसुद्धा. मग बगळे डोक्यावरून मागे जाताना दिसले म्हणून त्यांनी मान वळवली आणि मी दिसले. आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या घंटेकडे, तिचा लोलक हलत होता त्याच्याकडे. हात पुढे करून त्यांनी घंटा मुठीत धरली. तेव्हा ती गप्प झाली.

मौन त्यांनीच मोडलं. फार मोठ्यानं बोलले, किती मोठ्यानं ते त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, देवासाठी आलो नव्हतो गं. वालीवच्या धडधडाटात कळत नाही, बाहेरचा आवाज कुठला आणि डोक्यातला कुठला. जिथं काही नाही अशा जागी एक रात्र बसून बघावं, नव्या वर्षात किती उरलंय. पहाटे पाखरांच्या चोची उघडताना दिसल्या, म्हणाले, नुसत्या दिसल्या. मग सुरुंगासाठी थांबलो. तो तरी ऐकू येईल म्हणून.

मी यांना साधू समजत होते.

निशाणवाला धावत आला, नको नको ते बोलला. आम्ही खाली उतरलो. अर्ध्या वाटेवर मागे सुरुंग फुटला, मी दचकून यांचा दंड धरला. हे थांबले, खाली आपल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, आला.

घरी आल्यावर त्यांनी मला शपथ घातली. स्वप्नाची परीक्षा होईस्तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर वालीवची नोकरी जाईल. माझा हात घंटेवर ठेवून वदवून घेतलं. मी हो म्हटलं. घरखर्च मी लिहिते, तेव्हा नोकरी गेली तर काय होईल ते मला सांगायला नको.

आज सकाळी नेहमीसारखा डबा दिला. जाताना एवढंच म्हणाले, की दीपेश लग्नासाठी गावी गेलाय, आजपासून जोडीला नवा माणूस आहे. मी बरं म्हटलं. मग देवाची भांडी घासायला बसले. घंटेला चिंच लावताना माझा हात थांबला. दीपेशनं आरोळी दिली की हात काढायचा. लग्नानंतर यांनीच मला ताटावर हात ठेवून ते काम करून दाखवलं होतं. आजवर आरोळी कशी कळत होती? गणपतीत तुमच्या तोंडाकडे बघून टाळी वाजवत होते तसंच. दीपेशच्या तोंडाची सवय होती. या नव्या माणसाचं तोंड कुणीकडे असेल? त्याला कुणी सांगितलंय?

कुणीच नाही. सांगायचं नाही अशी शपथ मीच घेतली आहे.

घंटा अर्धवट घासलेली तशीच ठेवली आणि हे लिहायला बसले, म्हणजे माझंच मला समोर दिसावं. डोंगरावर हे गप्प बसले होते, आता गप्प मी बसले आहे. वर मी आरोळीला उत्तर दिलं, इथं कोण देणार? मी वालीवला निघते आहे. सुपरवायझर बेसिल म्हणून आहेत, त्यांना भेटून सगळं सांगणार. नोकरी जाईल. हे माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत देव जाणे. शपथ मोडल्याचं पाप माझ्या नावावर मांडा, मी फेडीन.

पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकते आणि तशीच पुढे जाते. तुम्हाला मिळेल तोवर काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी वाचल्याबरोबर देवापुढची घंटा एकदा वाजवा.

लोभ नेहमी मागते तो रीत म्हणून. आज खरोखर मागते आहे.

जयवंती