पिसांचा डबा आणि तुमचे बंधुराज

सोमवार, १४ तारीख

ती. वन्सं यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. इतके दिवस पत्र नाही, फोनवरही ‘सगळं ठीक’ एवढंच, याबद्दल आधी क्षमा मागते. सगळं ठीक नव्हतं, आणि नसलेलं ठीक लिहिणं मला जमत नाही (बोलणं जमतं, हे या निमित्ताने कळलं). तुमचे गुडघे कसे आहेत? बाळ-बाळंतीण खुशाल असतील. तुम्ही येत्या रविवारी पाखरं न्यायला येणार म्हणून इथली हकीकत आधीच कळवलेली बरी. नाहीतर दारातच तुम्हाला वाटायचं की या घरात नवराबायकोने उशा फाडून भांडण केलं.

तुमची तुरेवाल्या कॉकटील पोपटांची जोडी, मुकादम आणि ठकू, तुम्ही लेकीकडे गेलात आणि झडायला लागली. आधी एखाददुसरं पीस, मग सडा. माझंच काही चुकलं असं धरून मी दाणे बदलले, पिंजऱ्याची जागा बदलली, शेवटी पाखरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, बाई, ही जुने कपडे टाकून नवे घालताहेत, तुम्ही आंघोळीला पाणी ठेवा आणि काळजी सोडा. पाणी ठेवलं.

खरा प्रश्न झाडण्याचा. केरसुणी पुढे केली की पीस पाहुण्यासारखं ‘असू दे, असू दे’ करत मागे सरकतं, आणि आपण वाकून दमलो की येऊन चहाच्या कपात बसतं. तुमच्या बंधुराजांनी यावर तोडगा काढला. पंखा पूर्ण वेगाने लावायचा, म्हणजे सगळी पिसं आपण होऊन एका जागी जमतील. जमलीही. फक्त ती जागा खिडकीखालच्या शिंपीकाकांचं टेबल निघाली, आणि टेबलावर कुणा वकिलांचा नवा काळा कोट होता. काका कोट घेऊन जिना चढून आले, दारात शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, कोंबडी कापलीत तर निदान जेवायला तरी बोलवायचं.” मी अर्धी दुपार तो कोट ओल्या हाताने टिपत होते. त्यातून एवढी विद्या पदरात पडली की पिसांना झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावं. ओल्या फडक्यापुढे त्यांचा ताठा उतरतो.

पण टिपलेलं टाकायचं कुठे? इथे माझं घोडं पेंड खातं. पाखरं तुमची, म्हणजे पिसंही तुमचीच. विश्वासाने सांभाळायला दिलेल्या वस्तूचा भाग मी परस्पर केरात कसा टाकू? म्हणून धुऊन, वाळवून डब्यात ठेवत गेले. डबा भरला, मग उशीचा अभ्रा घेतला. हे म्हणाले, “आपण न्हाव्याकडून केस परत आणतो का?” तरी मला टाकवलं नाही. (वाळत घातलेली पिसं पुन्हा घरभर उडाली आणि ती पुन्हा टिपली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.)

हे पहिल्या दिवसापासून पाखरांच्या विरोधात. सकाळ-संध्याकाळ एकच जप, अक्काची पाखरं एकदाची अक्काकडे जाऊ देत. पाखरांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. तरी मला रोज पांढरी भुकटी सापडायची ती नेमकी ह्यांच्याच खुर्चीच्या हातावर आणि ह्यांच्याच विजारीच्या गुडघ्यावर. मला वाटलं, हे पावडर लावू लागले. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि कुणासाठी? अशा संशयाची मला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच मी ह्यांचा कप्पा उघडून पाहिला. पावडर नव्हती. म्हणजे बाहेर कुठेतरी लावतात, असा निष्कर्ष मी काढला. (शिक्षणाने माणूस शहाणा होतो असं नाही.)

शुक्रवारी आमचं ग्रंथालय लवकर बंद झालं. किल्लीने दार उघडलं तर हे खुर्चीत. पिंजरा उघडा. ठकू खांद्यावर, आणि मुकादम गुडघ्यावर मान खाली घालून, डोळे मिटून बसलेला. नवं पीस पांढऱ्या नळीत गुंडाळलेलं येतं ना, तसल्या नळ्या त्याच्या डोक्यावर दाटल्या होत्या, आणि हे त्या एकेक करून दोन बोटांत हलकेच चुरत होते. तीच भुकटी गुडघ्यावर पडत होती. आणि बोलत होते. “थांब रे राजा, इथलं राहिलंय. आपल्याच डोक्याला आपली चोच कशी पुरणार?”

वन्सं, जेवताना ‘मीठ’ आणि ‘पाणी’ यापलीकडे न बोलणारा हा माणूस. मी आवाज न करता बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि घंटा वाजवली. आत पिंजऱ्याची घाईघाईने खडखड झाली. मग ह्यांनी दार उघडलं, गुडघे झटकले आणि म्हणाले, “केवढी घाण करतात ही पाखरं.” मी हो म्हटलं.

तुमची भावजय

ता. क. रविवारी येऊ नका. मुकादमाची शेपटी अजून उगवायची आहे. त्याला तसं पाहून तुम्हाला वाईट वाटेल.

आणखी ता. क. शेपटी उगवली आहे, चांगली लांब. वरचं खोटं खोडणार होते, पण खाडाखोड बरी दिसत नाही. वन्सं, पाखरं इथेच राहू द्याल का? मला त्यांचा लळा वगैरे लागलेला नाही (हेही तपासून पाहिलं, खोटं आहे). तुमच्याकडे त्यांची डोकी तुम्ही मायेने खाजवालच. इथे मात्र ह्यांचे हात पुन्हा वर्तमानपत्र धरून बसतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी निमूटपणे पिंजरा बांधून देईन, तुमचाच हक्क आहे. रविवारी जरूर या, राहायला या. पाखरं ठेवून जा आणि पिसांचा डबा मात्र न विसरता घेऊन जा.

उद्या करायचं (हे माझं मलाच): ह्यांच्या खुर्चीवर, ह्यांना काही न विचारता, जुनी चादर घालणे.