सातानंतरचा सात

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. कंबर कशी आहे? (मामींची नव्हे, त्यांची तक्रार मला पाठ आहे, तुमची.) तुम्ही मला गणितात दोनदा नापास केलंत, ते मनात न ठेवता हे पत्र लिहितोय, कारण आता गणितानेच माझा गळा धरलाय.

आमच्या छापखान्यात गणिताच्या एका प्राध्यापक बाईंनी नऊ पानांची पुस्तिका छापायला दिली. शब्द एकही नाही, फक्त एक संख्या! तेरा हजार तीनशे पंच्याण्णव अंकांची, आणि मूळ संख्या. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला भाग जात नाही. मामा, प्रुफं तपासताना माझी छातीच दडपली. एवढा पसारा, आणि कुठे फट म्हणून नाही! दोनाला दोनाने गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा, की ही बया तयार होते म्हणे. मी चष्मा काढून नमस्कारच केला (शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी हसला. हसू दे मेल्याला).

पण हाताला वीस वर्षांची खोड. 'आणि आणि' दिसलं की एक 'आणि' उडवायचा. तसाच कुठेतरी साताला लागून सात दिसला आणि मी एक उडवला! शेवटची ओळ एका अंकाने आखूड आली तेव्हा ध्यानात आलं. मूळ कागद बघावा, तर तो नेहमीसारखा पट्ट्या कापून चार जुळाऱ्यांना वाटलेला. पट्ट्या आणि माझी प्रुफं, दोन्ही केरात. मालक म्हणाले, "कोण मोजतंय? कर छपाईची सही."

तेव्हा तुमचा नियम आठवला: अंकांच्या बेरजेला तिनाने भाग गेला, तर संख्येलाही जातो. दोन दिवस बेरीज केली. भाग गेला! चक्क तिनाने! जिच्यापुढे भलेभले हात टेकतात, तिची मी ही दशा केली. शब्दातलं अक्षर गळलं तर वाचणारा सांभाळून घेतो. इथे एक सात गेला आणि सगळी संख्याच गेली. मी सही केली नाही. मालक म्हणतात, शनिवारपर्यंत सही, नाहीतर राजीनामा.

आपला,
भाचा

ता. क. : खरं काम पुढेच आहे. बाईंना तोंड दाखवायची हिंमत नाही. तेव्हा तुम्ही चव्वेचाळीस हजार चारशे सत्त्याण्णव वेळा दोन घेऊन एकमेकांशी गुणावेत, एक वजा करावा आणि उलट टपाली कळवावं. नाहीतरी निवृत्तच आहात.

आणखी एक ता. क. : गुणाकार सुरू केला असेल तर थांबवा. पत्र टाकायला निघालो ते थेट बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "नऊ पानांची बेरीज? हातानं?" एवढंच विचारलं आणि दुसरी प्रत घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. सात सहाव्या पानावर सापडला. साताचा खिळा मी स्वतः बसवला आणि दोघांनी मिळून पुन्हा बेरीज केली. तिनाने भागलं, बाकी एक. मामा, मला रडूच फुटलं. बाई मालकांकडे वळून म्हणाल्या, "आता कुणाच्या बापाला हिला भागता यायचं नाही."

मग मी सही केली.