खालच्या कप्प्यातली मेणबत्ती

गावरिल,

सकाळच्या बसनं आर्जेशच्या कॅथेड्रलला निघालेय, संध्याकाळी परतेन. सूप चुलीवर आहे. गरम करून घे, आळशासारखं गार पिऊ नकोस.

आपला सोरिन बोटीसकट समुद्रात नाहीसा झाला, तरी दरवर्षी मी त्याची मेणबत्ती तिथल्या वरच्या, जिवंतांच्या कप्प्यातच लावत आले. "वेटा, पोराला आता खालच्या कप्प्यात, गेलेल्यांत जागा दे गं, विसावू दे त्याला," असं तू म्हणालास, आणि मी तुझ्याशी बोलणंच टाकलं. आज खाली लावते. तू शेजारी असतास तर मी पुन्हा वरच लावली असती, म्हणून तुला उठवलं नाही.

फाटकाला मात्र रात्री आतून कडी घालू नकोस. सोरिनला ती बाहेरून निघत नाही.

तुझी वेटा