खालचा बालू

सोडाला, जयपूर
९ नोव्हेंबर २०२४

ती. सुलोचना आत्यास,
शि. सा. न.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. माझ्या मराठीवर हसू नका. मी ठेकेदारीत नवीन काम सुरू केलं आहे. माझा दोस्त राघव आणि मी मिळून मशीन घेतली. आता आम्ही लोकांच्या घरातलं काँक्रीट उचलतो. सांगानेरला एक गोदाम केलं, कोणाची शिकायत नाही आली.

काल काकांनी बांधलेल्या तुमच्या घरी गेलो. तिथली हालत ठीक नाही. पाण्यामुळे खालचा बालू हळूहळू निघून गेला, कोणाला पता नाही लागला. आता जागा खाली आहे. तुम्ही हो म्हटलं तर हॉलची पुरी फरशी उचलून घेतो. एका दिवसात होईल, मतलब शेजारच्या विभाजींना आवाजही जाणार नाही.

माया आहे तशी ठेवा, वाढली तर आनंदच.

तुमचा संकेत


सातारा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. संकेत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. हा बालू कोण? माझ्या घरात कधीपासून राहत होता? यांची नोकरी जयपुरात, माझी शाळा साताऱ्यात, म्हणून ते घर मी सुट्टीपुरतंच पाहिलं. पण म्हणून ते बेवारस नाही. खालच्या खोलीत भाडेकरू ठेवलास, पाण्याच्या त्रासाने तो गेला, आणि मला आता कळवतोस?

फरशीचं तर काय बोलावं. यांनी तो मकराण्याचा दगड स्वतः निवडला होता. लोकांच्या घरातल्या वस्तू उचलणाऱ्याला मराठीत काय म्हणतात, ते तुला कुणी शिकवलं नाही वाटतं. आणि विभाला आवाज जाऊ नये, ही काळजी कशाला? आमचे इथले शेजारी वसंतराव म्हणालेच होते, बंद घराची किल्ली भाच्याकडे ठेवू नका. तेव्हा मी त्यांच्यावर रागावले होते.

किल्ली विभाकडे दे. तुझ्यासाठी लाडू केले होते, ते तूर्त डब्यातच आहेत. सूनबाईंना आशीर्वाद.

सुलोचना आत्या


सोडाला, जयपूर
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न.

किल्ली विभाजींना दिली. हे पत्र तुमच्या सूनबाईने, ज्ञानदाने, सुधारून दिलं आहे. तुमचं पत्र वाचून ती आधी पोट धरून हसली, मग माझ्याकडे बघून पेन घेऊन बसली.

बालू म्हणजे वाळू. हिंदीत वाळूला बालू म्हणतात. नळाची गळती जमिनीत मुरत होती, तिच्याबरोबर फरशीखालची वाळू वाहून गेली. 'खाली' म्हणजे मला रिकामी म्हणायचं होतं. तिथे पोकळी झाली आणि फरशी एका बाजूला बसली. आम्ही सांध्यांत बारीक भोकं पाडून आत फेस भरतो. तो फुगून कडक होतो आणि अख्खी फरशी जागच्या जागी वर येते. एकही दगड निघत नाही. फोडाफोड नाही, म्हणून आवाज नाही.

शब्द माझे चुकले. पण मी चोर असेन, हे तुम्हाला इतक्या सहज पटलं, याचं फार वाईट वाटलं. गळती बंद केली आहे. फरशी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

संकेत


सातारा
५ डिसेंबर २०२४

चि. संकेत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वसंतरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, भाच्याने गोष्ट बरी रचली आहे. माझाच संशय त्यांच्या तोंडून ऐकला आणि मला माझी लाज वाटली. त्यांना चहा न विचारताच वाटेला लावलं.

विभाला कळवलं आहे, किल्ली तुलाच परत देईल. त्या फरशीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. लाडू पाठवले आहेत, ते मात्र मराठीतल्या अर्थाने उचललेस तरी चालेल.

काम झालं की मला न्यायला ये. आता शाळा नाही, इथे अडून बसायला काही कारण नाही. यांच्या मागे ते घर फार दिवस खाली आहे. तुझ्या मराठीतलं खाली.

राग गेला असेल तर दोन ओळी लिही. नसेल तर भांडायला तरी लिही.

तुझी आत्या